दिसायला चांगली स्प्रिंग

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ‘पिकअप नाही’ अशी तक्रार घेऊन गाडी आली की मेकॅनिकचा हात आधी प्लगकडे जातो, मग एअर फिल्टरकडे, मग कार्बोरेटरकडे. तिथं काही सापडलं नाही तर क्लच प्लेटवर संशय. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचं नाव या यादीत शेवटी येतं, बऱ्याचदा येतच नाही. ती हेडवर, झाकणाखाली, तेलात न्हालेली असते. आवाज करत नाही, गळत नाही, आणि तुटेपर्यंत तिची आठवणही कुणाला होत नाही.

या वसाहतीत पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज चालवणारे एक मिस्त्री मात्र हेड उतरलं की पहिल्यांदा स्प्रिंगाच मागतात. त्यांची उमेदवारी मुंबईत टॅक्सीच्या गॅरेजात झाली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे ते दिवस. तिचं १०८९ सीसीचं इंजिन जुन्या घडणीचं : कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, तिथून पुशरॉड वर, आणि हेडवर रॉकर. रॉकरचा शाफ्ट सोडला की स्प्रिंगा समोर उघड्या. टायमिंगला हात लावायची गरज नाही. दोन-दोन पाळ्यांत पळणाऱ्या टॅक्सीचं हेड वरचेवर उतरायचं, त्यामुळे चार सिलिंडरांचे आठ व्हॉल्व्ह काढणं-बसवणं हा तिथल्या पोरांचा रोजचा सराव. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. तोवर मिस्त्री कोल्हापुरात मुरले होते, पण हाताला लागलेलं वळण त्या आठ व्हॉल्व्हांचंच राहिलं.

स्प्रिंगचं काम सांगायला सोपं आहे. कॅम व्हॉल्व्हला ढकलून उघडतो. बंद करायला मात्र तो येत नाही. ते स्प्रिंगने करायचं. नुसतं बंद करून भागत नाही, तर बंद होताना रॉकर कॅमच्या उताराला चिकटून खाली यायला हवा आणि व्हॉल्व्ह सीटवर आदळून उसळता कामा नये. फोर-स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणजे इंजिन मिनिटाला ३००० फेरे करत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. ताशी सरासरी ४० किलोमीटर आणि इंजिनाचे सरासरी २००० फेरे धरले, तर एक लाख किलोमीटर चाललेल्या गाडीतली एकेक स्प्रिंग १५ कोटी वेळा दबलेली असते. ती बंद व्हॉल्व्हवर असतानाही मोकळी नसते. छोट्या गाडीत तेव्हाही साधारण २० ते ३० किलोंचा दाब धरून उभी असते. गाडी वर्षभर शेडमध्ये पडून असली तरी या नोकरीला सुटी नाही.

एवढं सोसून ती दोन तऱ्हांनी जाते. एक म्हणजे दमते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दाबाने तारेची ताकद उतरते, स्प्रिंग आखूड होते, दाब कमी पडतो. इंजिन एकदा उकळलं असेल तर हे लवकर घडतं. दुसरी तऱ्हा जास्त वाईट. तारेच्या पृष्ठभागावर बारीक ओरखडा, गंजाचा एखादा टोचा किंवा पोलादातच राहून गेलेला कण असतो. तिथून तडा सुरू होतो, वाढत जातो आणि एके दिवशी स्प्रिंगचे काडकन दोन तुकडे होतात. दमलेली स्प्रिंग मोजमापात सापडते. तडकणारी मात्र तुटायच्या आदल्या दिवशीही मापात बरोबर भरू शकते. म्हणून मिस्त्रींच्या टेबलावर व्हर्नियरशेजारी घड्याळजीसारखं भिंग पडलेलं असतं, आणि स्प्रिंग पक्कडीने धरणाऱ्या पोराला तिथं बोलणी खावी लागतात. पक्कडीचा एक दात तारेवर उमटला तर तोच उद्याचा तडा.

गडहिंग्लजच्या एका शिक्षकांची ओम्नी आली ती या पहिल्या तऱ्हेची. मास्तरांची सासुरवाडी सावंतवाडीची, त्यामुळे आंबोलीचा घाट नेहमीचा. तक्रार त्यांनी नेमकी मांडली. “मिस्त्री, सपाटीला गाडी एकदम गुणी आहे. पण घाट चढताना दुसऱ्या गिअरला रेस दिली की फडफडते. पाय सोडला की पुन्हा शहाणी. दोन गॅरेजांत कार्बोरेटर धुऊन झाला, प्लग बदलून झाले, वायरी बदलून झाल्या.” ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखालीच असल्यामुळे ती फडफड त्यांना पायाखालून ऐकू येत होती, हाही भाग होताच.

“मधी कधी गाडी तापली हुती काय?” मिस्त्रींनी विचारलं. उन्हाळ्यात एकदा रेडिएटरचा पाइप फुटला होता आणि तशीच पुढच्या गावापर्यंत नेली होती, हे मास्तरांनी जरा दबक्या आवाजात सांगितलं.

इथं बरेच जण चकतात ते कॉम्प्रेशनच्या चाचणीपाशी. प्लग काढून गेज लावला, स्टार्टर मारला, तिन्ही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन जवळजवळ सारखं आणि ठीक. मग व्हॉल्व्ह चांगले, असा निकाल देऊन मोकळं व्हायचं. पण स्टार्टर इंजिनाला मिनिटाला जेमतेम दोन-तीनशे फेरे देतो. एवढ्या वेगात दमलेली स्प्रिंगही व्हॉल्व्ह निवांत मिटवते. तिचं पितळ उघडं पडतं ते चार-साडेचार हजारांच्या पुढे, जिथं व्हॉल्व्हला परत यायला सेकंदाचा चाळिसावा भागही मिळत नाही. मग रॉकर कॅमला सोडून हवेत तरंगतो, व्हॉल्व्ह उशिरा मिटतो आणि सिलिंडरात भरलेला माल आल्या वाटेने परत जातो.

त्यासाठी मिस्त्री व्हॅक्यूम गेज काढतात. ही साधी तबकडी आता बऱ्याच गॅरेजांतून हद्दपार झाली आहे, आणि ते चुकीचं झालं असं म्हणायला हवं. इनटेक मॅनिफोल्डच्या नळीला ती जोडली की इंजिन आत किती ओढ धरतं ते पाऱ्याच्या इंचांत दिसतं. धड इंजिनाचा काटा मंद चालीत समुद्रसपाटीला १८ ते २० इंचांच्या आसपास स्थिर राहतो. दर हजार फूट उंचीला साधारण एक इंच वजा करायचा, म्हणजे कोल्हापुरात दीड-दोन इंच कमी. मास्तरांच्या ओम्नीचा काटा मंद चालीत शांत होता. रेस वाढवली तसा तो थरथरू लागला, आणि आणखी वाढवल्यावर दोन्ही बाजूंना फडफडायला लागला. व्हॉल्व्ह जळला असता तर तो मंद चालीतही ठरावीक ठेक्यात झटके देत राहिला असता. वेग वाढेल तसा वाढणारा थरकाप म्हणजे स्प्रिंगांवर बोट.

“हेड खोलावं लागतंय मास्तर,” मिस्त्री म्हणाले. “स्प्रिंगांचं पैसं किरकोळ हायत. तिथवर जायचं पैसं जास्त.”

या कामाचं सगळं अर्थकारण या दोन वाक्यांत आलं. सुटा भाग स्वस्त, मजुरी भारी. म्हणूनच ज्या कारणाने हेड उतरेल त्या कारणासोबत स्प्रिंगा तपासून घ्याव्यात, आणि शंका असेल तर अख्खा संच बदलावा, हा त्यांचा आग्रह असतो. एक बदलून पाच जुन्या ठेवण्यात फारसं काही वाचत नाही.

ओम्नीचं तीन सिलिंडरांचं ७९६ सीसीचं इंजिन हेडमध्येच कॅमशाफ्ट असलेलं आणि टायमिंग बेल्टवर चालणारं आहे. पद्मिनीसारखं नुसतं रॉकर काढून भागत नाही. बेल्टच्या खुणा जुळवून ठेवा, रॉकरचे शाफ्ट ओढून काढा, बोल्ट ठरलेल्या क्रमाने थोडे थोडे सैल करा. हेड टेबलावर आलं की मिस्त्री प्लायवूडची फळी पुढे ओढतात. तिच्यावर भोकं पाडून आकडे टाकलेले आहेत. पहिल्या सिलिंडरचा इनटेक, पहिल्याचा एक्झॉस्ट, असं करत सहाही व्हॉल्व्ह, त्यांच्या स्प्रिंगा, वरच्या वाट्या आणि लॉक आपापल्या घरात जायला हवेत. वापरातला व्हॉल्व्ह आपल्याच सीटवर, आपल्याच गाइडमध्ये घासून बसलेला असतो. अदलाबदल झाली की ती जुळणी गेली.

लॉक काढणं हा सगळ्यात नाजूक भाग. वाटीच्या मधोमध, व्हॉल्व्हच्या दांड्याला दोन्हीकडून धरून बसलेले हे दोन तुकडे शेंगदाण्याच्या दोन पाकळ्यांसारखे. सी-आकाराचा व्हॉल्व्ह लिफ्टर लावून स्प्रिंग दाबायची आणि लॉक चुंबकाने उचलायचे, एवढंच. पण वर्षानुवर्षं बसलेले लॉक वाटीत असे आवळलेले असतात की लिफ्टर नुसता आवळत गेला तर त्याचाच दांडा वाकतो. मिस्त्री त्याआधी वाटीवर गोटी ठेवून हातोडीचा एक नेमका ठोका देतात. खटकन आवाज येतो, पकड सुटते. त्या ठोक्याच्या वेळी व्हॉल्व्हच्या तोंडाखाली लाकडाचा ठोकळा किंवा कापडाची गुंडाळी हवी, नाहीतर ठोक्याचा जोर व्हॉल्व्हच गिळतो. हेडमधून तेल खाली उतरायची भोकं चिंध्यांनी बुजवलेली हवीत. आणि डोळ्यांवर चष्मा हवा. दबलेल्या स्प्रिंगच्या तोंडातून निसटलेला लॉक कुठं जाईल याचा भरवसा नसतो. टेबलाखाली चुंबक फिरवत लॉक हुडकणं हे नव्या पोरांचं जणू नेमून दिलेलं काम आहे.

सहा स्प्रिंगा रॉकेलमध्ये धुऊन फळीवर उभ्या राहिल्या. पोरगा निरखून म्हणाला, “मिस्त्री, स्प्रिंगा तर झकास हायत की.”

“झकास हायत का न्हाई ते तू ठरवणार का गुण्या?” मिस्त्रींनी गुण्या आणि काचेचा जाड तुकडा त्याच्यापुढे सरकवला.

जाड काच सपाट असते, म्हणून छोट्या गॅरेजात ती सरफेस प्लेटचं काम करते. तिच्यावर स्प्रिंग उभी करायची, शेजारी गुण्या टेकवायचा आणि स्प्रिंग सावकाश जागच्या जागी फिरवायची. खालचं वेटोळं गुण्याला चिकटलेलं असताना वरच्या टोकाशी फट किती पडते ते बघायचं. सुझुकीच्या मॅन्युअलात या फटीची मर्यादा २ मिलिमीटर दिलेली असते. त्याहून तिरकी स्प्रिंग व्हॉल्व्हला एका अंगाने रेटते, आणि पुढे गाइड त्या बाजूने झिजून इंजिन तेल प्यायला लागतं. मग व्हर्नियरने मोकळी लांबी. पोराने खडूने आकडे लिहिले. इनटेकच्या तिन्ही स्प्रिंगा मर्यादेच्या आत, एक्झॉस्टच्या तिन्ही मर्यादेच्या खाली, आणि त्यातली मधल्या सिलिंडरची तिरकीही. तापलेल्या हेडचा मार एक्झॉस्टच्या बाजूने जास्त बसला होता.

लांबी बरोबर भरली म्हणजे ताकद बरोबर असं मात्र नाही. स्प्रिंग टेस्टर नसेल तर त्यासाठी व्हाइसची युक्ती आहे. नवी आणि जुनी स्प्रिंग टोकाला टोक लावून, मध्ये एक वॉशर ठेवून व्हाइसच्या जबड्यांत आडव्या धरायच्या आणि जबडे आवळत जायचं. दोघींवर जोर तेवढाच. सारख्या ताकदीच्या असतील तर वॉशर मध्यावर राहतो. जुनी दमलेली असेल तर तो तिच्या बाजूला सरकतो. मास्तर पुढे वाकून बघत होते. जुनीची वेटोळी जवळजवळ भिडली तरी नवीत ऐसपैस जागा होती. वर्गात फळ्यावर हूकचा नियम लिहिणारे मास्तर, १६७८ साली छापलेलं ते तत्त्व व्हाइसमध्ये बघून खुशीत आले. आकडाच हवा असेल तर ड्रिल मशीनखाली वजनकाटा ठेवून, स्प्रिंग मॅन्युअलात दिलेल्या उंचीपर्यंत दाबून किलो वाचता येतात. दहा टक्क्यांहून जास्त घट असेल तर स्प्रिंग भंगारात, हा बहुतेक जाणकारांचा ठोकताळा आहे.

आता एक असा मुद्दा, जो चांगल्या चांगल्या मेकॅनिकांच्या हातून सुटतो. स्प्रिंग नवी असली, मापात असली, तरी बसवल्यावर तिची उंची बरोबर हवी. व्हॉल्व्ह आणि सीट घासून घासून खोल गेले की व्हॉल्व्हचा दांडा हेडच्या वर जास्त येतो. वाटी वर सरकते, स्प्रिंगला पसरायला जागा मिळते आणि तिचा दाब उतरतो. सीएनजीवर भरपूर चाललेल्या गाड्यांत सीट खोल जाण्याचा प्रकार बराच दिसतो. तिथं टॅपेट वारंवार टाइट होतात ते याच कारणाने. अशा वेळी स्प्रिंगखाली मोजून पातळ वॉशर घालतात, आणि ते बरोबरच आहे. पण दमलेल्या स्प्रिंगखाली वॉशर घालून तिला जोर आणल्याचा आव आणणं ही निव्वळ चलाखी झाली. व्हॉल्व्ह पूर्ण उघडताना वेटोळी एकमेकांवर टेकली तर स्प्रिंग भरीव लोखंड होते, आणि मग रॉकर वाकतो किंवा कॅमचं नाक खरवडलं जातं. काही जण तर जुनी स्प्रिंग ओढून लांब करतात. लांबी तेवढी मापात येते, आणि थोड्याच दिवसांत स्प्रिंग पुन्हा होती तिथं येऊन बसते. अशा कामाचे पैसे घेणाऱ्यांबद्दल मिस्त्री जे शब्द वापरतात ते इथं छापण्याजोगे नाहीत.

बारीक दोष किती महाग पडतो हे मोठ्या कारखान्यांनीही अनुभवलं आहे. २०१० साली टोयोटाने लेक्ससच्या काही मॉडेलांसह सुमारे २ लाख ७० हजार गाड्या परत बोलावल्या, कारण व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या पोलादात परके सूक्ष्म कण राहून गेले होते. २०१८मध्ये सुबारूवर हीच वेळ आली. इम्प्रेझा, फॉरेस्टर, बीआरझेड आणि तिची जुळी बहीण टोयोटा ८६ मिळून जगभरातल्या सुमारे चार लाख गाड्या. सुबारूचं इंजिन आडवं, सिलिंडर समोरासमोर, हेड दोन्ही बगलांना. स्प्रिंग बदलायची तर बहुतेक ठिकाणी इंजिनच गाडीबाहेर काढावं लागलं. दुरुस्तीनंतर काही गाड्यांची इंजिनं बिघडली तेव्हा मालकांनी जास्त लावलेल्या सीलंटकडे बोट दाखवलं आणि प्रकरण अमेरिकेत कोर्टापर्यंत गेलं. वास्तविक हे कारखाने तारेवर बारीक छऱ्यांचा मारा करून तिचा पृष्ठभाग घट्ट करतात, जेणेकरून तडा सुरूच होऊ नये. तरीही एक कण सगळ्यांना पुरून उरला.

स्प्रिंगच नको, असंही काहींनी करून पाहिलं. १९५४-५५च्या मर्सिडीज डब्ल्यू-१९६ रेसिंग गाडीत व्हॉल्व्ह मिटवायलाही कॅमच होता. १९५६ साली फाबिओ तालिओनी यांनी ती पद्धत डुकाटीच्या रेसिंग मोटरसायकलीत आणली आणि पुढे ती कंपनीची ओळखच बनली. १९८६मध्ये रेनोने फॉर्म्युला वनच्या इंजिनात पोलादी स्प्रिंगच्या जागी दाबाची हवा भरली. पण गंमत अशी की २०२०मध्ये डुकाटीने आपल्या नव्या व्ही-फोर ग्रॅन्टुरिस्मो इंजिनात पुन्हा साध्या स्प्रिंगा घातल्या, आणि त्यामुळे व्हॉल्व्ह क्लिअरन्स तपासायची मुदत ६०,००० किलोमीटरपर्यंत लांबली.

हेड न उतरवताही स्प्रिंग बदलता येते. व्हॉल्व्हचं सील गेलेलं असलं, म्हणजे सकाळी गाडी सुरू करताच निळा धूर आणि मग साफ, तर तेवढ्यासाठी हेड गॅस्केट फाडायचं कशाला? अडचण एकच : स्प्रिंग काढली की व्हॉल्व्ह आधाराविना खाली सिलिंडरात पडतो. त्यावर एक उपाय म्हणजे प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरून व्हॉल्व्ह वर दाबून धरायचा. मिस्त्रींना तो पसंत नाही. भारनियमनाच्या काळात त्यांनी काम केलेलं; वीज गेली, टाकीतली हवा उतरत चालली आणि लॉक अजून बाहेरच, हा प्रसंग त्यांना परत नको आहे. शिवाय पिस्टन अगदी वरच्या टोकाला नसेल तर हवेचा धक्का क्रँक फिरवतो. ते नायलॉनची दोरी वापरतात. पिस्टन खाली असताना प्लगच्या भोकातून हातभर दोरी आत सोडायची, टोक बाहेर ठेवायचं, आणि पान्याने क्रँक हाताने फिरवत पिस्टन वर आणायचा. दोरीचा गोळा दबतो आणि दोन्ही व्हॉल्व्हांना खालून उचलून धरतो. वीज नको, हवा नको. आत गेलेल्या दोरीचं टोक कुणी बाहेर ठेवलं नाही तर मात्र हेड उतरवणं नशिबी आलंच.

ओम्नीच्या कामात पुढे फार नाट्य नव्हतं. व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले, पेट्रोल ओतून गळती पाहिली, सहा नवी सील, लॉक ग्रीसमध्ये चिकटवून जागेवर. प्रत्येक दांड्यावर प्लॅस्टिकच्या हातोडीची हलकी टकटक, म्हणजे लॉक नीट बसले की नाही ते तिथंच कळतं. निसटायचा असेल तर तो टेबलावर निसटलेला परवडतो.

खोळंबा झाला तो नव्या स्प्रिंगांपाशी. मिस्त्री नवा मालही काचेवर उभा करतात. पुड्यातल्या सहापैकी पाच एकसारख्या होत्या, सहावी मात्र सरळसरळ तिरकी. पोरगा व्हर्नियर आणि गुण्या खिशात घालून सायकलवरून दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, “अरे, सीलबंद पुडा हाय. नव्या मालाला कोण गुण्या लावतंय?” पोराने काउंटरच्या काचेवरच स्प्रिंग उभी केली आणि गुण्या टेकवला. दुकानदाराने चष्मा वर सारून पाहिलं, फट बघून गप्प झाला, आणि मागच्या फडताळातून तीन पुडे काढून त्याच्यापुढे टाकले. त्यातून पोराने मोजून एक निवडली. बाकीच्या फोडलेल्या पुड्यांचं काय करायचं यावर दुकानदार बराच वेळ कुरकुरत होता. आता त्या गॅरेजातून कुणी स्प्रिंगा न्यायला आलं, की तो पुडा हातात द्यायच्या आधी काउंटरवरच्या काचेवरचं सामान मुकाट्याने बाजूला करतो.